आकासावाचं हिनोकीवन: पान उलटून बघायला शिकवणारी जंगलफेरी

नागोयाच्या आसपास राहणारे मराठी लोक उन्हाळा आला की मला विचारतात, आई-बाबा आलेत, क्योतो झालं, फुजी ढगात होता, आता कुठं नेऊ? मी आकासावाचं नाव सांगते. नागानो प्रांतातल्या किसो खोऱ्यात, आगेमात्सु गावाच्या वर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर हे हिनोकीचं, म्हणजे सरूच्या कुळातल्या जपानी झाडाचं जंगल आहे. तिथं आपलं आपण फिरता येतं, आणि आधी कळवून ठेवलं तर स्थानिक गाईडबरोबर सावकाश चालायची फेरीही करता येते. मी दोन्ही केलंय. हे परीक्षण मुख्यतः गाईडच्या फेरीचं. जंगलात जाऊन मन शांत करा असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण आपण ज्या झाडांखाली शांत बसलोय ती झाडं पुढची तीनशे वर्षं कशी टिकणार, हे त्याच बैठकीत दाखवणारं ठिकाण मला दुसरं मिळालेलं नाही.

मी कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, काही वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं आणि मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडं आले. त्यामुळे झाडांविषयी कुणी भलतंसलतं बोललं की मला राहवत नाही. सह्याद्रीतल्या एका रिसॉर्टवर मी पैसे भरून अशीच एक जंगलस्नानाची फेरी केली होती. आम्हाला डोळे मिटायला सांगितलं, झाडाला मिठी मारायला सांगितलं, लहानशा स्पीकरवर बासरी लावली. ज्या झाडांना आम्ही मिठ्या मारत होतो ती सगळी ऑस्ट्रेलियन बाभूळ होती, ओळीत लावलेली. खाली दुसरं एक रोप नाही, गळलेल्या पानांचा कोरडा थर तेवढा. पलीकडच्या ओढ्याकाठी जांभूळ, अंजनी, पिसा अशी मूळची झाडी उभी होती, तिकडं कुणी नेलंच नाही. आपण नेमकं कशाकडे लक्ष देतोय हे सांगायलाच कुणी नसेल, तर त्या लक्ष देण्याचा जंगलाला काय उपयोग? तो प्रश्न घेऊनच मी आकासावाला गेले होते.

जपानमध्ये ज्याला शिनरिन-योकु, म्हणजे जंगलस्नान म्हणतात त्याची सुरुवात इथली. 1982 मध्ये वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी ही कल्पना मांडली आणि त्याच वर्षी या जंगलात लोकांना बोलावून पहिला मोठा मेळावा झाला. शहरात थकलेल्या माणसांना जंगलात आणायचं आणि त्यातून जंगल राखण्याबद्दलही त्यांच्या मनात आस्था निर्माण करायची, असा तो दुहेरी विचार होता. पुढं पहिली गोष्ट जगभर विकली गेली, दुसरी बऱ्याच ठिकाणी गळून पडली. आकासावात ती अजून आहे, आणि माझ्या लेखी या जागेचं मोल तिथंच आहे.

आमच्याबरोबर आई होती. तिचं माहेर आजऱ्याकडचं, त्यामुळे पाऊस आणि रान तिला नवीन नाही, पण आता गुडघे साथ देत नाहीत. प्रवेशद्वाराजवळून नदीच्या कडेकडेनं लाकडी फळ्यांची एक सपाट वाट जाते, तिच्यावर व्हीलचेअरही चालते. पायऱ्या नाहीत, ठिकठिकाणी बाकं आहेत. आई काठी घेऊन आरामात चालली. ज्यांना चढ झेपतो त्यांच्यासाठी वर डोंगरात जाणाऱ्या बऱ्याच वाटा आहेत, काहींवर लाकडाचा भुगा अंथरलेला आहे आणि पाय छान रुतून चालतो. पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर खालची वाट पुरते. मोठी झाडं तिथंही आहेत, कुठं काही राहून गेलं असं वाटत नाही.

आमचे गाईड वनखात्यातून निवृत्त झालेले एक सत्तरीचे गृहस्थ होते. आईनं पहिल्या पाच मिनिटांत त्यांना भाऊ करून टाकलं. "भाऊंना विचार गं, हे झाड किती वर्षांचं?" असं चालू होतं, आणि मी मध्ये बसून दोन्हीकडून भाषांतर करत होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की आज आपण फार लांब जाणार नाही. मग खिशातून भिंग काढलं, वाटेवर गळून पडलेल्या दोन-तीन डहाळ्या उचलल्या (तोडायचं काहीच नाही, हा तिथला नियम) आणि आमच्या हातात ठेवल्या. म्हणाले, आधी वास घ्या, मग पान उलटा.

किसोच्या जंगलात पाच जातींना मान आहे: हिनोकी, सावारा, आसुनारो, कोयामाकी आणि नेझुको. कोयामाकीची लांब सुयांसारखी पानं छत्रीच्या काड्यांसारखी गोल फुटतात, ती लगेच कळते. बाकी चारांची पानं खवल्यांची, आणि लांबून चारही सारखीच दिसतात. उलटून भिंगाखाली धरलं की खरी गंमत. खवल्यांच्या सांध्यांवर पर्णरंध्रांच्या, म्हणजे पान ज्यांतून श्वास घेतं त्या बारीक छिद्रांच्या पांढऱ्या रेषा असतात. हिनोकीत त्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या दिसतात, सावारात एक्ससारख्या, आसुनारोत जाड, ठसठशीत डब्ल्यू. नेझुकोत धड अक्षर उमटतच नाही. मी इतकी वर्षं मुलांना पर्णरंध्रं शिकवली, पण चालता चालता त्यांच्यावरून झाडाची जात ओळखण्याचा आनंद मला तिथं मिळाला. आईनं चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंगाला डोळा लावून ती इतका वेळ बघत राहिली की मागून आलेलं एक जोडपं थांबून आमच्याकडे बघायला लागलं. भाऊंनी त्यांनाही डहाळी दिली.

यात ध्यान कुठं आलं, असं कुणी विचारेल. माझ्या मते तेच ध्यान होतं. दोन बोटांएवढ्या डहाळीवर आमचं सगळं लक्ष एकवटलं होतं, श्वास आपोआप मंदावला होता, आणि कुणी "आता श्वासाकडे लक्ष द्या" असं म्हटलंही नव्हतं. डोळे मिटून बसण्याचा भाग नंतर आला. नदीकाठच्या बाकावर त्यांनी आम्हाला बराच वेळ नुसतं बसवलं, आधी पाण्याचा आवाज ऐका, मग पाण्याच्या पलीकडचे आवाज ऐका, एवढंच सांगून. आईला ते सहज जमलं. रोज सकाळी जप करणाऱ्या बाईला बसायचं कसं हे शिकवावं लागत नाही. मला वेळ लागला.

मग त्यांनी एक काम दिलं, आणि या फेरीचा गाभा तोच. दाट सावलीत एका जागी बसायचं आणि समोरच्या हातभर जमिनीकडे बघत राहायचं. काय उगवलंय? हिनोकीची रोपं शोधा. आमच्या डोक्यावर तीनशे वर्षांची हिनोकी, तिचं बी दर काही वर्षांनी भरपूर पडतं, त्यामुळे खाली रोपांचा गालिचा असणार अशी माझी खात्री. मला सापडली आसुनारोची रोपं. जिकडं बघावं तिकडं डब्ल्यू. हिनोकीचं एखादं रोप दिसलंच तर बोटभर उंचीचं, मलूल. तिथून उठून आम्ही थोड्या अंतरावरच्या एका उघड्या जागेपाशी गेलो. एक जुनं झाड कोसळून आभाळ दिसेल एवढी मोकळीक झाली होती. तिथं हिनोकीची रोपं उभी होती, तजेलदार.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आसुनारो सावलीत वाढतं. इतकंच नव्हे, त्याच्या खालच्या फांद्या ओल्या जमिनीला टेकल्या की तिथं मुळं फुटतात. आपण बागेत दाब कलम करतो ते हे झाड आपलं आपण करतं. हिनोकीच्या रोपाला मात्र उजेड लागतो. आज डोक्यावर जे हिनोकीवन आहे ते मुळात उजेडातूनच आलेलं आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ले, देवळं आणि नवी शहरं बांधण्यासाठी किसोचे डोंगर जवळजवळ ओरबाडून काढले होते. त्या उघड्या डोंगरांवर जी रोपं आली आणि पुढं तोडबंदीमुळे वाचली, तीच ही झाडं. म्हणजे ज्याला आपण अनादि अरण्य समजून हात जोडतो ते एका जबर तोडीनंतर उठलेलं जंगल आहे. आता त्याला हात न लावता तसंच ठेवलं तर पुढची पिढी हिनोकीची नसेल, आसुनारोची असेल. आणि सरसकट उजेड करावा, तर सासा नावाचा ठेंगणा बांबू जमीन व्यापून टाकतो आणि कुठलंच रोप वर येऊ देत नाही. नागोयात ज्या 1959 च्या ईसे-वान वादळाची आठवण अजून काढतात, त्या वादळानं किसोच्या डोंगरांतही अफाट झाडं पाडली होती. मोकळ्या झालेल्या जागांवर हिनोकी पुन्हा कशी आणायची, हा इथल्या वनशास्त्रज्ञांचा तेव्हापासूनचा प्रश्न आहे. शेजारच्या ओताकी भागात 1960 च्या दशकापासून त्यावर प्रयोग चालू आहेत: किती रुंदीचा पट्टा मोकळा करायचा, बांबू किती काढायचा, आसुनारो किती ठेवायचं. आणि एका प्रयोगाचा निकाल लागायला एका माणसाची पूर्ण नोकरी पुरत नाही.

भाऊ हे सांगत असताना मला कळलं की मघाशी हातभर जमिनीकडे बघत बसवलं ते कशासाठी. आधी तक्ता दाखवून व्याख्यान दिलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरले असते. स्वतःच्या डोळ्यांनी शोधून हिनोकी सापडली नाही, तेव्हा काळजी वाटली. आता कुठंही जंगलात गेले की माझी नजर आधी खाली जाते, वरच्या झाडाची पोरं खाली आहेत का ते बघायला. कोल्हापूरच्या बाजूला गेल्या खेपेला एका राईत मी हेच केलं. वर भलीमोठी झाडं, आणि खाली गुरं चरून झाडलोट झालेली जमीन. एरवी मला ती जागा स्वच्छ वाटली असती.

आणखी एक गोष्ट इथं नक्की बघा. काही हिनोकी जमिनीपासून हात-दोन हात वर, नुसत्या मुळांवर उभ्या आहेत, बुंध्याखालून आरपार दिसतं. जुन्या खुंटावर किंवा पडलेल्या ओंडक्यावर बी रुजलं, मुळं त्याला कवटाळून खाली मातीत गेली, आणि पुढं शे-दोनशे वर्षांत तो ओंडका कुजून नाहीसा झाला. झाड तसंच राहिलं. आईनं त्या मुळांमधून हात घालून बघितला आणि म्हणाली, "मेलेल्या झाडानं बाळंतपण केलं म्हणायचं." मी हे भाषांतर करून सांगितलं तर भाऊंनी वही काढून लिहून घेतलं. पडलेली लाकडं उचलून जंगल साफ करू नये, याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

आता तब्येतीचं. या विषयावर लोक फार वाहवत जातात म्हणून जरा सविस्तर लिहिते. झाडं जी वासाची द्रव्यं हवेत सोडतात त्यांना फायटनसाइड म्हणतात. हिनोकीत अल्फा-पायनीनसारखी द्रव्यं असतात. निप्पॉन मेडिकल स्कूलच्या डॉ. छिंग ली यांनी 2005 मध्ये याच नागानो प्रांतातल्या ईयामाच्या जंगलात 12 निरोगी पुरुषांना दोन रात्री-तीन दिवस नेलं. 12 पैकी 11 जणांच्या रक्तात नॅचरल किलर पेशींची (या शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी) क्रिया सुमारे 50 टक्क्यांनी वाढलेली आढळली. शहराच्या सहलीत तसं झालं नाही, आणि जंगलातून परतल्यावर महिनाभरानंतरही काही वाढ टिकून होती, असं त्यांच्या पुढच्या अभ्यासात आलं. चिबा विद्यापीठाच्या योशिफुमी मियाझाकी यांच्या गटानं 24 जंगलांत 280 तरुणांवर मोजमापं केली. जंगलात कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक), नाडी आणि रक्तदाब शहरापेक्षा कमी भरले. हे निष्कर्ष महत्त्वाचे आहेत आणि मला पटतात. पण 12 माणसं म्हणजे 12 माणसं. शिवाय आपण जंगलात आहोत की चौकात, हे कुणापासून लपवता येत नाही, त्यामुळे औषधाच्या चाचणीसारखी ही चाचणी होत नाही. मन हलकं होतं, ताण उतरतो, त्या दिवसापुरता रक्तदाब खाली येतो, इथपर्यंत मी बिनदिक्कत म्हणेन. जंगलात हिंडून कर्करोग पळतो असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. आकासावात आम्हाला असं काहीही कुणी सांगितलं नाही. आईचं रक्तदाबाचं मशीन आम्ही नेलं होतं आणि आकडा खाली आलाही होता, पण एका माणसाच्या एका मोजणीवरून काही सिद्ध होत नाही, म्हणून तो इथं लिहीत नाही.

फेरीत एका ठिकाणी आई अडून बसली. तिनं विचारलं, "इथला देव कुठला?" आजऱ्याकडं राईत शिरताना चप्पल बाहेर काढतात, वाळकी काटकीसुद्धा घरी नेत नाहीत, एवढी जुनी झाडं राखली म्हणजे देव असणारच, असा तिचा हिशेब. भाऊ म्हणाले, डोंगराचा देव आहेच, लाकूडतोडे त्याला मानतात. झाड पाडल्यावर त्याच्याच शेंड्याची डहाळी खुंटात रोवतात आणि नमस्कार करतात. पण ही झाडं देवाच्या भीतीनं वाचली नाहीत, असंही ते स्वच्छ म्हणाले. किसो खोरं ओवारी संस्थानाकडे होतं, त्याची राजधानी नागोया. डोंगर उघडे पडल्यावर संस्थानानं 1665 च्या सुमारास मोठे भाग बंद केले, आणि अठराव्या शतकात या पाचही जातींच्या तोडीवर बंदी आली. लोकांत म्हण होती: एक झाड, एक मुंडकं. स्वतःच्या घराला वासा हवा तरी डोंगराखालच्या माणसाला झाड तोडता येत नव्हतं. मेजी काळात, म्हणजे 1868 नंतर, हे जंगल राजघराण्याच्या मालकीचं झालं, तेव्हाही गावकरी बाहेरच राहिले. ज्या शांततेसाठी आपण इतक्या लांबून येतो तिची किंमत आगेमात्सुच्या पूर्वजांनी मोजलेली आहे, हे एका गाईडनं फेरीत सांगणं मला फार मोलाचं वाटलं. पर्यटनाच्या पत्रकात हे दोन ओळींत उरकता आलं असतं.

मला तिथं गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आठवलं. त्या गोंड गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून गावात अभ्यासगट बसत होते, आणि निर्णय सर्वांच्या सहमतीनं होत होते. तिथं जंगल राखायला तलवार लागली नाही. किसोचं शास्त्र आपण जरूर शिकावं, पण राखण्याची पद्धत शिकायला मेंढ्याला जावं, असं माझं ठाम मत झालंय. ध्यान आणि वनशास्त्र यांच्या जोडीला तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे त्या जंगलाशेजारी राहणाऱ्यांचा हक्क.

जंगल राखतात म्हणजे तोडतच नाहीत, असंही नाही. ईसेचं शिंतो धर्माचं मोठं देऊळ दर 20 वर्षांनी नव्यानं बांधतात, त्याला सुमारे 10,000 हिनोकी लागतात. मागचं बांधकाम 2013 मध्ये पूर्ण झालं, पुढचं 2033 मध्ये. त्यासाठीची पहिली झाडं 2025 च्या जूनमध्ये आगेमात्सुच्या डोंगरात कुऱ्हाडीनंच पाडली, तीन बाजूंनी खाचा घेऊन, म्हणजे झाड ठरल्या दिशेला पडतं आणि गाभा फाटत नाही. ईसेवाल्यांनी 1923 पासून स्वतःच्या डोंगरावर 200 वर्षांची योजना आखून हिनोकी लावायला घेतल्या आहेत. आज लावणाऱ्याचा पणतूसुद्धा ते लाकूड बघणार नाही. मला ही गोष्ट कुठल्याही ध्यानवर्गापेक्षा जास्त भिडली.

आकासावातली छोटी आगगाडी याच लाकडाशी जोडलेली आहे. किसोतल्या जंगलगाड्या 1975 पर्यंत बंद झाल्या होत्या. 1985 मध्ये ईसेसाठीची झाडं वाहून आणायला इथला रूळ पुन्हा टाकला आणि 1987 पासून तो प्रवाशांसाठी चालू झाला. अंतर एका बाजूनं किलोमीटरभरच, रूळ अरुंद, डबे उघडे. शेजारच्या संग्रहालयात 1915 चं अमेरिकन बनावटीचं वाफेचं इंजिन आहे. मुलं असतील तर आधी गाडीत बसवा, वरच्या टोकाला उतरा आणि नदीकाठच्या फळ्यांच्या वाटेनं चालत खाली या. गाईडची फेरी लहान मुलांना कंटाळवाणी होईल. आठ-नऊ वर्षांपुढच्यांना भिंगाचा खेळ नक्की आवडेल.

जेवणाबद्दल थोडक्यात. प्रवेशाजवळ सोबा, म्हणजे कुट्टूच्या शेवया मिळतात, आणि काठीवर भाजलेला गोहेइ-मोची हा भाताचा गोळा, अक्रोड घातलेल्या मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) चटणीसकट. गोहेइ-मोची आईला इतका आवडला की तिनं चटणीत तिखट घातलं तर काय होईल यावर चर्चा केली. शुद्ध शाकाहारी असाल तर सोबाच्या रश्श्यात माशाचा अर्क असतो हे लक्षात ठेवा, आणि चटणीबद्दलही विचारून घ्या. आम्ही दशम्या आणि शेंगाचटणी नेली होती, बाकावर बसून खाल्ली. कचऱ्याची पिशवी स्वतःची न्या आणि परत घरी आणा.

उणीव मला एकच मोठी वाटली. जागोजागच्या पाट्यांवर झाडाचं नाव, वय आणि उंची आहे, पण रोपांची, उजेडाची, आसुनारोची जी गोष्ट भाऊंनी सांगितली ती आपलं आपण फिरणाऱ्याला फारशी हाती लागत नाही. गाईडशिवाय मी पहिल्यांदा गेले तेव्हा सुंदर झाडं बघून परत आले होते, एवढंच. आणि फेरी जपानीत असते. भाषा येत नसेल तर येणारं कुणीतरी बरोबर न्या, किंवा आरक्षण करतानाच इंग्रजी बोलणारा गाईड मिळेल का ते विचारा. नुसत्या फोटोंसाठी जायचं असेल तर गाईडचे पैसे घालवू नका. झाडांत जीव असेल, किंवा घरात सतत फोनवर असणाऱ्या माणसाला दोन-तीन तास कुठंतरी गुंतवायचं असेल, तर ते पैसे सार्थकी लागतात. पाचपैकी साडेचार देईन, आणि तो अर्धा पाट्यांसाठी राखून ठेवते.

जपानमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक. 2024 पासून आपण दरवर्षी माणशी 1,000 येन जंगलाचा कर भरतो. या देशात जंगलाचा सुमारे 40 टक्के भाग लागवडीचा आहे, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर लावलेला सुगी (देवदारासारखं एक जपानी झाड) आणि हिनोकी, आणि विरळणी, म्हणजे मधली काही झाडं काढणं, न झाल्यामुळे त्यातला बराचसा आत काळोखा पडलाय. वसंतात आपल्या नाका-डोळ्यांचे जे हाल होतात तेही याच झाडांच्या परागांमुळे. करातला पैसा विरळणी, माणसं तयार करणं, लाकडाचा वापर वाढवणं यासाठी गावांना मिळतो. आपल्या नगरपालिकेनं तो कुठं खर्च केला हे बघता येतं, पालिका ते जाहीर करतात. मी आकासावाहून आल्यावर आमच्या पालिकेचं बघितलं, आणि आता दरवर्षी बघते.

जायचं कसं: नागोयाहून शिनानो एक्सप्रेसनं किसो-फुकुशिमापर्यंत दीडेक तास. सगळ्या शिनानो आगेमात्सुला थांबत नाहीत, म्हणून किसो-फुकुशिमाहून लोकल घ्या. आगेमात्सु स्टेशनहून बसनं अर्धा तास, पण बस ठरावीक दिवशीच असते आणि फेऱ्या थोड्या, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. जंगल एप्रिलच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडं असतं. हिनोकीच्या परागांचा त्रास असेल तर एप्रिल-मे टाळा. ऑगस्टातही वर गार असतं, म्हाताऱ्या माणसांसाठी शाल न्या. वरच्या वाटांनी जाणार असाल तर अस्वलासाठी पिशवीला घंटा बांधा. आणि गाईड हवा असेल तर आगेमात्सुच्या पर्यटन कार्यालयाला काही आठवडे आधी कळवा, चालणं किती झेपेल हे स्पष्ट सांगा, आणि रोपं बघायची आहेत हेही सांगा.